चावी कुणाच्या हातात होती?

लातूरच्या त्या व्यापारी संकुलाच्या तळघरात मी गाडीची चावी एका पोराच्या हातात दिली, तेव्हा आपण काही महत्त्वाचं करतोय असं मला वाटलंच नाही.

शेहेचाळिसाव्या वर्षी मी लायसन्स काढलं. साडेतीन वर्षं वापरलेली, पांढरी, लहानशी गाडी घेतली, एमएच २६ पासिंगची. मुलगी लातूरला नीटची तयारी करते. महिन्यातून एकदा तिला भेटायला जायचं. घरचं खाणं, धुतलेल्या चादरी, एखादं पुस्तक असं सोबत असायचं. पूर्वी एसटीने जायचे. आता नांदेडहून लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर असा सगळा रस्ता मी स्वतः चालवत जाते, याचा मला फार आनंद होता. त्या दिवशीची ती माझी दुसरीच खेप.

मुलीला चष्मा करायचा होता. दुकानासमोर गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून शेजारच्या संकुलातल्या 'पे अँड पार्क'मध्ये उतरले. गाड्या एकामागे एक दाटीने लावलेल्या. तिथला पोरगा म्हणाला, "चावी राहू द्या ताई. मागची गाडी काढायची झाली की तुमची हलवावी लागती." वय असेल अठरा-एकोणीस. चाळीस रुपयांची पावती फाडून त्याने माझ्या हातात दिली. पावतीवर खाली लाल अक्षरात छापलं होतं: वाहन मालकाच्या जबाबदारीवर, नुकसान किंवा चोरीस व्यवस्थापन जबाबदार नाही. असं सगळीकडेच छापलेलं असतं. मी ती पर्समध्ये टाकली.

दीड तासाने परत आलो तर गाडी जागेवर नव्हती. उताराच्या बाजूला, खांबाजवळ तिरकी उभी होती. डावीकडचं मागचं दार आत दबलेलं, बंपर एका बाजूने सुटून लोंबतोय, मागच्या दिव्याचे लाल तुकडे फरशीवर पडलेले. खांबाच्या पिवळ्या रंगावर बरोबर त्याच उंचीला पांढरा पट्टा उमटला होता.

मला काय बोलावं तेच सुचेना. पोरगा म्हणाला, "आधीचंच हाय की ओ मॅडम." केबिनमधला मॅनेजर बाहेर आला. गाडीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. "पावती वाचली नाही का? स्पष्ट लिहिलंय." एवढं बोलून तो फोनवर बोलायला लागला. मी कधी भांडलेली नाही. वर्गात आवाज चढवणं वेगळं आणि अनोळखी गावात, तळघरात, एका बेफिकीर माणसासमोर उभं राहणं वेगळं. मी मुकाट्याने मोबाइलवरून चाळीस रुपये भरले.

"आई, पैसे कशाला दिलेस?" मुलगी चिडली. पण शहाणपणही तिनेच दाखवलं. दाराचे, दिव्याच्या तुकड्यांचे, खांबावरच्या पांढऱ्या पट्ट्याचे आणि छतावरच्या कॅमेऱ्याचे फोटो तिने काढले. मॅनेजर आत गेल्यावर तिने त्या पोराला शांतपणे विचारलं, "दादा, तुमच्याकडे लायसन्स आहे का?" तो खाली बघत म्हणाला, "काढायचं हाय. मागच्या गाडीवाल्याला घाई होती, रिव्हर्स घेताना खांब दिसलाच नाही." त्याचा चेहरा बघून माझा राग तिथेच अर्धा गेला. अशी पोरं माझ्या वर्गात दरवर्षी शेवटच्या बाकावर बसलेली असतात.

बंपर दोरीने बांधून मी नांदेडला परतले. तीन तासांच्या रस्त्यात मला एकच भीती होती, की तो सुटून मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर जाईल.

दुसऱ्या दिवशी डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रींकडे गेले. ते म्हणाले, "ह्याला अजून हात लावू नका. आधी क्लेम टाका, सर्व्हेअर बघून जाऊ द्या." त्यांनी खर्चाचा अंदाज लिहून दिला, २४,६०० रुपये. विमा आहे म्हटल्यावर मला हायसं वाटलं. मग हिशोब समजत गेला. प्लॅस्टिकच्या भागांचा निम्मा खर्च घसारा म्हणून कापला जातो. पत्र्यावरचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो, तीन ते चार वर्षांच्या गाडीला तो २५ टक्के. हा घसारा न कापणारं 'झिरो डेप' कव्हर मी घेतलं नव्हतं. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला वर हजार रुपये आपलेच जातात. शिवाय एक वर्ष क्लेम न घेतल्यास पुढच्या हप्त्यात मिळणारी २० टक्के सवलत, जी दरवर्षी वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचते, ती एका क्लेमने शून्यावर येते. म्हणजे चूक दुसऱ्याची आणि भुर्दंड मला.

पण खरी अडचण पुढेच होती. क्लेमच्या फॉर्मवर एक रकाना असतो, अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं आणि त्याच्या लायसन्सचा नंबर काय. चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स असलं पाहिजे, ही पॉलिसीतलीच अट. एजंटने सहज सांगितलं, "मॅडम, त्या पोराचं नाव कशाला लिहिता? तुम्हीच रिव्हर्स घेताना खांबाला घासली म्हणून टाका. आठ दिवसांत काम होतं." तो वाईट माणूस नाही. माझं काम सोपं करून द्यायची त्याची इच्छा होती, आणि असं बरेच जण करत असणार.

रात्री तो फॉर्म घेऊन बसले. खोटं लिहायचं नाही एवढं पक्कं होतं, मी शाळेत शिकवते. पण विचार करताना दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. गाडी मीच ठोकली असं मी सहीनिशी लिहून दिलं, तर त्या पार्किंगवाल्याला मी कायमचं मोकळं केलं. पुढे त्याच्याकडे एक रुपयाही मागायचा हक्क मला उरला नसता. मी फॉर्म कोराच परत केला.

पुढच्या रविवारी लातूरला पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदार ताईंनी नीट ऐकून घेतलं. मुद्दाम नुकसान केलं असतं तर गुन्हा झाला असता, निष्काळजीपणाने झालं तर ते दिवाणी प्रकरण, असं त्यांनी सांगितलं. तरी अर्ज घेतला आणि शिक्का मारून पोच दिली.

शेजारचे काका बरीच वर्षं ग्राहक पंचायतीचं काम करायचे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात सुरू केलेल्या त्या चळवळीबद्दल ते आजही तासभर बोलतात. त्यांच्यासमोर फोटो ठेवले. त्यांनी फोटोंकडे बघण्याआधीच विचारलं, "चावी कुणाच्या हातात होती?"

पार्किंगवाल्यांच्या हाती दिली होती, असं मी म्हणाले.

"मग झालं. तू स्वतः गाडी लावली असतीस आणि चावी खिशात ठेवली असतीस, तर ते म्हणाले असते, आम्ही फक्त जागा भाड्याने दिली. तेव्हा भांडण अवघड झालं असतं. चावी घेतली म्हणजे गाडी ताब्यात घेतली. सोनाराकडे पाटली दुरुस्तीला दिली आणि त्याने ती वाकडी करून परत दिली, तर जबाबदारी तुमची असं तो म्हणू शकतो का?"

कायद्यात याला बेलमेंट म्हणतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १४८ पासून ते आहे. कलम १५१ सांगतं, की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, एखादा समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वीचं हे साधं वाक्य त्या लाल अक्षरांपेक्षा मोठं आहे, हे मला काकांच्या ओसरीवर कळलं.

त्यांनी एक निकालही सांगितला. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्याने मारुती झेनची चावी हॉटेलच्या माणसाकडे दिली. दोन तासांनी तो बाहेर आला तेव्हा गाडी चोरीला गेली होती. कूपनवर छापलं होतं, गाडी मालकाच्या जबाबदारीवर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १४ नोव्हेंबर २०१९ ला निकाल लागला: चावी घेतली की सांभाळण्याची जबाबदारी आली, काळजी घेतली होती हे हॉटेलनेच सिद्ध करायचं, आणि स्वतःचा निष्काळजीपणा छापील ओळीमागे लपवता येणार नाही. तिथे तर गाडी लावून देण्याचे वेगळे पैसेही घेतले नव्हते. मी चाळीस रुपये भरले होते आणि त्याची नोंद मोबाइलमध्ये तारीख-वेळेसकट होती. मुलगी ज्यासाठी चिडली, तोच माझा पुरावा ठरला. पैसे दिले म्हणून मी ग्राहक होते.

आमच्या शाळेत दर २४ डिसेंबरला ग्राहक दिन असतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याला त्या दिवशी राष्ट्रपतींची संमती मिळाली, हे मी मुलांना दरवर्षी सांगते, निबंध लिहून घेते. पण त्या कायद्याचा आधार कसा घ्यायचा, हे मला स्वतःला कधी माहीत नव्हतं. याची मला मनापासून खंत वाटली. जुन्या कायद्याप्रमाणे मला तक्रारीसाठी लातूरलाच जावं लागलं असतं. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं, म्हणजे माझ्यासाठी नांदेड. दोन वर्षांची मुदत असते. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. शंका असल्यास १९१५ या हेल्पलाइनवर विचारता येतं.

काकांनी आधी पत्र लिहायला लावलं, साध्या मराठीत, एक पानी. तारीख, वेळ, पावतीचा नंबर, चावी कुणी घेतली, गाडी कुणी हलवली, मिस्त्रींचा अंदाज, सोबत फोटो. आणि एक मागणी ठळक अक्षरात: त्या दिवसाचं कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवावं. जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून हे लगेच लिहायचं असतं. पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं. पंधरा दिवसांत भरपाई न मिळाल्यास आयोगाकडे तक्रार करणार, असं शेवटी लिहिलं.

अकराव्या दिवशी मालकाचा फोन आला. आवाज गोड. "मॅडम, तुम्ही शिक्षक माणूस. त्या पोराच्या पगारातून महिन्याला दोन हजार कापून पाठवतो, चालेल ना?"

मी आयुष्यात क्वचितच इतक्या ठामपणे नाही म्हटलं असेल. लायसन्स नसलेल्या पोराला दुसऱ्यांच्या गाड्या हलवायला बसवलं कुणी? चाळीस-चाळीस रुपये जमा होतात कुणाकडे? नोकराने कामावर असताना केलेल्या नुकसानीला मालक जबाबदार असतो. त्या पोराचा एक रुपयाही मला नको, असं मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी दहा हजार देऊ केले. मी तक्रारीचा तयार मसुदा पाठवला. आणखी तीन आठवडे फोनाफोनी झाली आणि शेवटी संकुलाच्या खात्यातून बावीस हजार आले. मी ते घेतले. काकांना ते पटलं नाही. त्यांच्या मते पूर्ण रक्कम आणि वर मनस्तापाचे पैसेही मागायला हवे होते. त्यांचं बरोबर असेल. पण मुलीची परीक्षा दोन महिन्यांवर होती, मला तारखा नको होत्या. पोराच्या पगारातून काही कापणार नाही, एवढं मालकाकडून लेखी घेतलं.

गाडी दुरुस्त झाल्यावर मी पुन्हा त्याच तळघरात गेले. तो पोरगा दिसला नाही. विचारलं तर "गावाकडं गेलाय" एवढंच उत्तर मिळालं. त्याच्या जागी दुसरा होता, जरा थोराड. त्याने चावीसाठी हात पुढे केला. लायसन्स आहे का, मी विचारलं. त्याने खिशातून काढून दाखवलं. मग मी गाडीच्या चारही बाजूंनी फिरून मोबाइलवर चित्रण केलं आणि पावतीच्या मागे 'गाडीला डाग नाही' असं लिहून त्याची सही घेतली. पावतीवरची लाल ओळ अजून तशीच छापलेली आहे.