चौदा दिवस

कऱ्हेकाठच्या आमच्या घरी कडुनिंबावर गुळवेल चढलेली. करोनात अम्मी रोज तिचा काढा उकळायची. ‘झाडपाला है, उससे क्या होता?’ आम्ही भावंडं मुकाट प्यायचो.

२०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं ते मानलं नाही. मग अर्काची चाचणी कशी करतात, ते आम्ही अम्मीला सांगितलं. तीन उंदीरमाद्यांना उपाशी ठेवून नळीनं एकदाच अर्क पाजतात, किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत. चौदा दिवस वजन, हालचाल पाहतात. महिनोन्महिने प्यायच्या काढ्याला एवढं पुरत नाही. त्याला नव्वद दिवसांची वेगळी चाचणी.

अम्मीनं पातेलं उतरवलं. ‘बचे हुए चूहों को छोड देते ना?’

मारून, चिरून आतले अवयव बघतात, हे सांगायला आमची जीभ रेटेना.