घराण्याची मुद्रा

बंगळुरूच्या चिकपेटेत मराठी कानावर पडते याचे नवल वाटण्याचे कारण नाही. १६३८च्या मोहिमेनंतर विजापूर दरबाराने हा मुलूख शहाजीराजांकडे जहागीर म्हणून सोपविला, तेव्हापासून या पेठेशी मराठीचा संबंध आहे. नामदेव शिंपी, भावसार या समाजांची घरे या परिसरात पिढ्यान्पिढ्या आहेत. अशा जुन्या घरांतील भिंतींवर पूर्वजांच्या तसबिरी असतात : पागोटे, उपरणे, खुर्चीच्या हातावर ठेवलेला ताठ हात, मागे रंगविलेला पडदा. आजोबा कोण, पणजोबा कोण, हे घरातली माणसे सांगू शकतात. तसबीर कोणी काढली, हे मात्र सहसा कोणी विचारलेले नसते. चौकटीतून पुठ्ठा बाहेर काढल्यावर ते कळते, आणि तेही निम्मेच. कारण पुठ्ठ्यावर छापलेले असते ते दुकानाचे नाव, चित्र घेणाऱ्या माणसाचे नव्हे.

व्हिक्टोरियाकालीन छायाचित्रकारांच्या एखाद्या घराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची खरी अडचण इथून सुरू होते. या अडचणीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’. दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात तांत्रिक शिक्षण घेऊन ते १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके तयार करण्याच्या कामावर लागले. कॅमेरा त्यांनी तेथेच हाती घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर आणि सर हेन्री डॅली यांचा आश्रय त्यांना लाभला. म्हणजे या घराण्याची पहिली उभारणी एका मराठी संस्थानात झाली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ध्यानात घेतली जात नाही. पुढे १८८६ मध्ये सिकंदराबादेत आणि १८९६ मध्ये मुंबईत त्यांचे स्टुडिओ निघाले. हैदराबादच्या सहाव्या निजामाने त्यांना ‘राजा’ हा किताब दिला, आणि १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीची सनद मिळाली. ज्ञानचंद आणि धर्मचंद हे दोघे मुलगे याच धंद्यात होते. धर्मचंद १९०४ मध्ये गेले, वडील १९०५ मध्ये.

एवढा तपशील ग्रंथांत सापडतो. प्रश्न त्यापुढचा आहे. इंदूर, सिकंदराबाद आणि मुंबई येथे चाललेले काम एका माणसाच्या हातून होणे शक्य नव्हते. वडील, मुलगे, पगारी सहायक, काचा धुणारे, ठसे उमटविणारे, चित्रांवर हाताने रंग भरणारे या सर्वांचे काम एकाच नावाखाली बाहेर पडे. मग ‘दीनदयाळ यांची दृष्टी’ असे आपण म्हणतो ते कोणाविषयी? मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा असलेले सगळेच अभंग तेराव्या-चौदाव्या शतकातील नामदेवांचे नाहीत. विष्णुदास नामा आणि इतर उत्तरकालीन कवींची रचना त्यांत मिसळलेली आहे. गाथा संपादताना कोणता अभंग कोणाचा, यावर विद्वानांनी आयुष्ये वेचली. गाणाऱ्याला मात्र नामाच्या मुद्रेने पुरते. स्टुडिओचे नाव हीही तशीच मुद्रा होय. फरक इतकाच की, अभंगाची मुद्रा भक्तीने घेतलेली असते आणि स्टुडिओची पगार देऊन घेतलेली.

मुद्रेवरून काळ ठरविणेही वाटते तितके सोपे नाही. ‘लाला’ असेल तर आधीचे, ‘राजा’ असेल तर नंतरचे, हा ढोबळ नियम झाला. पण काच जपून ठेवलेली असे आणि तिच्यावरून केव्हाही नवी प्रत काढता येई. तेव्हा १८८०च्या दशकातील काचेची प्रत वीस वर्षांनी नव्या पुठ्ठ्यावर चिकटवली की पुठ्ठा एक काळ सांगतो आणि चित्र दुसरा. विश्वास ठेवायचा तो काचेवर लिहिलेल्या क्रमांकावर. काचेवर क्रमांक आणि मथळा लिहिण्याची या घराण्याची पद्धत होती. छापात तो पांढऱ्या अक्षरांनी उमटतो. पुष्कळ स्टुडिओंच्या काचा पुढे भंगारात गेल्या; वरचा थर खरवडून त्या खिडक्यांना बसविल्या गेल्या. दीनदयाळ यांच्या २,८५७ काचा मात्र १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आल्या, आणि त्यामुळेच त्यांच्याविषयी आज काही निश्चयाने बोलता येते.

तरीही जे निसटले ते लहान नाही. १८९२ मध्ये हैदराबादेत खास पडदानशीन स्त्रियांसाठी स्टुडिओ उघडला गेला आणि केनी-लेविक या युरोपीय बाईंकडे त्याची व्यवस्था दिली गेली. म्हणजे ‘अँड सन्स’ या मुद्रेखाली एका स्त्रीचे हातही होते. घराण्याच्या नावात तिला जागा असण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरी गोष्ट मराठवाड्याची. १८९९-१९००च्या दुष्काळात निजामाच्या राज्यातील औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील मदतकार्याची छायाचित्रे याच स्टुडिओने घेतली. ती दरबाराच्या सत्कार्याची नोंद म्हणून घेतलेली आहेत, आणि तशीच ती रचलेली आहेत. हाडांचे सापळे झालेली माणसे ओळीने कॅमेऱ्यासमोर आणलेली दिसतात. प्रकाश नीट पडलेला आहे, कडा स्पष्ट आहेत, चित्राचा तोल कुठे बिघडलेला नाही. एका परीने ही कारागिरीची कमाल. पण ही नेटकी मांडणीच पाहणाऱ्याला जास्त अस्वस्थ करते. मुंबईच्या स्टुडिओत पैसे मोजून बसलेल्या गिऱ्हाइकाचे नाव धंद्याच्या गरजेपोटी वहीत चढे. त्याला पुन्हा प्रत हवी असे. औरंगाबादच्या या माणसांपैकी कोणी प्रत मागायला येणार नव्हते. त्यांची नावे चित्राबरोबर आलेली नाहीत. त्यांच्या तोंडची भाषा बहुतेक मराठीच असावी, आणि त्यांच्यातल्या कोणाची तसबीर कोणत्या घराच्या भिंतीवर लागलेली असेल, असे वाटत नाही.