पान लागलं

डिंभे धरणाच्या मागच्या गावांत ‘साप चावला’ असं जुनी माणसं सहसा म्हणत नाहीत. ‘पान लागलं’ म्हणतात. रात्रीची वेळ असेल तर साप नुसता ‘जनावर’ होतो, कारण नाव घेतलं की तो येतो. आजीच्या या समजुतीशी मला काही देणंघेणं नव्हतं. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. पण यंदा याच समजुतीने माझा प्रोग्राम अडवला.

एका दवाखान्याचे नावं काढून टाकलेले जुने केसपेपर होते. भातलावणीच्या दिवसांत प्रतिविषाच्या किती कुप्या लागतात, ते त्यांतून काढायचं होतं. ‘साप’ शोधल्यावर मोजकेच रुग्ण मिळाले. बाकीचे ‘पान’, ‘जनावर’, ‘किडूक’, ‘अननोन बाइट’ यांत लपलेले. त्यात ‘जनावराने मारलं’ म्हणजे बैलाने. पत्त्यांचा घोळ वेगळाच. ‘आंबेगाव’ म्हणजे नेमकं कुठलं? तालुका, धरणात बुडालेलं जुनं गाव, तिथून उठलेल्यांची वसाहत, की कात्रजजवळचं?

मग उलट बाजूने गेलो. काय झालं यापेक्षा काय दिलं ते बघायचं. अक्षर कितीही गिचमिड असो, ‘एएसव्ही’, म्हणजे सापाचं प्रतिविष, बहुतेक ठिकाणी वाचता येतं. शिवाय २० मिनिटांची चाचणी असते: कोरड्या काचेच्या नळीत रक्त तसंच ठेवायचं, गोठलं नाही तर संशय घोणस किंवा फुरशाचा.

मण्यार मात्र यातूनही निसटते. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, खूणही बऱ्याचदा दिसत नाही. माणूस पहाटे पोट धरून उठतो आणि कागदावर लागतं ‘पोटदुखी, उलटी’. अशाच एका कागदाच्या समासात वेगळ्या पेनाने लिहिलं होतं: ‘पापण्या मिटतात. खाली झोपला होता.’ त्या अख्ख्या कागदावर कामाचं तेवढंच होतं, आणि त्याला छापील रकाना नव्हता.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतात २००५ मध्ये सर्पदंशाने सुमारे ४६,००० माणसं गेल्याचा अंदाज मांडला. रुग्णालयांकडून येणाऱ्या सरकारी आकड्याच्या हे तीसपटींहून जास्त. हा आकडा आला कुठून? घरोघरी जाऊन नातेवाइकांनी सांगितलेली हकीकत त्यांच्याच भाषेत लिहून घेतली आणि डॉक्टरांनी ती वाचली. तिथे ‘पान लागलं’ चाललं असतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. चांगलंच झालं. पण त्यासाठी जे ॲप बनेल, त्यात ‘सर्पदंश: होय / नाही’ एवढंच असेल तर मण्यारीचा रुग्ण ‘नाही’मध्ये जाईल, आणि पुढच्या पावसाळ्यात कुप्या त्या हिशेबाने येतील. (आम्हा इंजिनिअरांना टिकमार्क फार आवडतात.) मोकळं लिहायला चार ओळी सोडा, एवढंच माझं मागणं.

माझ्या प्रोग्राममध्ये आता ‘शंका’ नावाचा गठ्ठा आहे. रविवारी तिथल्या एक सिस्टर आणि मी फोनवर तो वाचतो. परवा एक निघाला: ‘गवत कापताना काटा लागला, हिरड्यांतून रक्त.’ सिस्टर म्हणाल्या, “काटा कसला, फुरसं आहे ते. घ्या यादीत.”