आत्या, मी बुटका आहे ना?

‘‘आत्या, मी असा बुटकाच राहिलो तर पिचर नाही ना होऊ शकणार?’’

बॉस्टनला दादाकडे गेले होते. बारा वर्षांचा भाचा बेसबॉलचा ग्लव्ह मांडीवर घेऊन बसलेला, चेहरा पडलेला. टीममधलं कुणीतरी बोललं होतं. आणि प्रश्न विचारला कुणाला? ४ फूट ११ इंचाच्या आत्याला!

‘छे रे, उंचीचं काय एवढं!’ म्हणणं सोप्पं होतं. पण ते खोटं ठरलं असतं. उंच पिचरचे हात-पाय लांब. तो मोठी ढांग टाकतो आणि चेंडू बॅटरच्या जास्त जवळून सोडतो. ६० फूट ६ इंचांच्या अंतरात तेवढंही पुरतं. रँडी जॉन्सन तर ६ फूट १० इंच. समोरच्याची काय हालत होत असेल!

मग मी पेड्रो मार्टिनेझ काढला. उंची ५ फूट ११ इंच. आपल्याकडे स्थळ बघताना ‘मुलगा उंच आहे हं’ म्हणतील, तिकडे हा किरकोळ! एवढ्याशा चणीचा माणूस स्टार्टर म्हणून टिकायचा नाही, म्हणून डॉजर्सनी १९९३ मध्ये त्याला माँट्रियलला देऊन टाकलं. तिथे त्याने १९९७ चं साय यंग अवॉर्ड पटकावलं. बॉस्टनला येऊन १९९९ आणि २००० ची आणखी दोन. त्याचा फंडा म्हणजे चेंजअप. हात फिरतो फास्टबॉलसारखाच, चेंडू मात्र रेंगाळत येतो. बॅट आधीच फिरून मोकळी! २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दोघं एकत्रच गेले, जॉन्सन आणि पेड्रो. उंचीत फरक तब्बल ११ इंचांचा.

भाचा जाम खूश. मग म्हणाला, ‘‘पण तू टीव्हीवर का नाही गेलीस? बाबा म्हणतो, तुला रिपोर्टर व्हायचं होतं.’’

मी गप्प. मासकॉम संपल्यावर एका चॅनेलने स्क्रीन टेस्टनंतर सांगितलं होतं, ‘‘मॅडम, गर्दीत तुम्ही दिसणारच नाही.’’ मी दुसऱ्या चॅनेलचं दार वाजवलंच नाही. उंचीवर खापर फोडलं आणि मोकळी झाले. पेड्रो ‘नाही’ ऐकून माँट्रियलला गेला, मी घरी आले.

पुण्यात परतल्यावर पहिला फोन एका चॅनेलला केला. पाटावर उभी राहीन म्हटलं. पाट माझा मी आणते!