निळ्या पिल्लाची जाहिरात

माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा दिग्रसजवळ शेतात बीगल कुत्री पाळतो. कापसात वडिलांचे हात पोळले, तेव्हा त्याने ही जोडी आणली. कुत्रा घरात चालणार नाही, असं आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, म्हणून त्यांचा मुक्काम शेतातल्या कोठ्यात. रमजानच्या आधी त्याचा फोन आला.

"टीचर, मराठीत एक जाहिरात लिहून द्या ना. माझं मराठी तुम्हाला माहीतच आहे."

माहीत आहे. दहावीत त्याला मराठीत पास करता करता माझीच परीक्षा झाली होती.

कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. चार नेहमीची तिरंगी. पाचव्याच्या अंगावर मात्र जिथे काळा रंग असायला हवा, तिथे पाटीसारखा करडा. नाकसुद्धा राखाडी. नागपूरच्या एका गिऱ्हाइकाने फोटो पाहून इतरांच्या तिप्पट भाव बोलला होता. आणखी कुणी चढून देईल म्हणून जाहिरात. मजकूर त्याच्या डोक्यात तयार होता: 'अतिदुर्मीळ निळा बीगल, शाही रक्त.'

आधी मी 'निळा' या शब्दावरच अडले. खरोखर निळी कुत्री महाराष्ट्राने एकदा पाहिली आहेत, 2017 च्या ऑगस्टमध्ये, नवी मुंबईतल्या तळोज्यात. कारखान्याचा रंग कासाडी नदीत सोडला जात होता आणि त्या पाण्यात उतरलेली भटकी कुत्री आकाशी होऊन बाहेर पडत होती. श्वानशौकिनांचा 'ब्लू' म्हणजे आपला करडा. रंगांच्या बाबतीत आपली भाषा काही गरीब नाही. अरबीतला 'अबलक' घोड्यावर बसून मराठीत आला आणि 'अबलख' होऊन राहिला. बीगलच्या ब्रिटिश मानकातही असेच जुने शिकारी शब्द आहेत: सशासारखा कबरा, बॅजरसारखा कबरा, लिंबू-पांढरा. निळा-पांढरा-तांबूसही त्या यादीत आहे, म्हणजे 'मिश्र रक्त' म्हणून त्याला हिणवायला नको. पण शाही रक्त ते कुठलं?

रात्री मुलीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसले. 1866 साली मेंडेलने वाटाण्यांवर जे छापलं, तेच इथे आहे. काळा रंग फिका करणारं एक जनुक असतं. आई आणि बाप दोघांमध्ये ते एकेक लपलेलं असेल, तर दोघेही दिसायला तिरंगीच असतात, पण प्रत्येक पिल्लामागे चारात एक शक्यता करड्याची. चमत्कार काही नाही. बीगलचे रंग तसेही वयाबरोबर बदलतात. तिरंगी पिल्लं जन्मतात ती बहुतेक काळी-पांढरी, तांबूस रंग पुढच्या महिन्यांत उमटतो. लिंबू रंगाचं पिल्लू तर सुरुवातीला जवळजवळ पांढरंच दिसतं. महिन्याभराचं पिल्लू 'दुर्मीळ' म्हणून घेणाऱ्याने जरा थांबावं, हे उत्तम.

पण एक गोष्ट थांबून सुटत नाही. अशा फिक्या केलेल्या रंगाच्या कुत्र्यांपैकी काहींचे त्या रंगाच्या जागचे केस पुढे विरळ होतात, कातडी कोरडी पडते, खवले निघतात. सगळ्यांना होत नाही. झालं तर जीवाला धोका नाही, पण केस परत आणणारा खात्रीचा इलाजही नाही.

मी जाहिरात लिहिली आणि ही ओळ तिच्यात घातली. 'शाही रक्त' काढलं.

"टीचर, ही ओळ ठेवली तर घेईल कोण?" तो म्हणाला. "बकरी ईदला कातडीवर चंद्र दिसणाऱ्या बोकडाचे लाखात भाव सांगतात, तेव्हा कुणी काही म्हणतं का?"

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, "कुर्बानीचा बोकड घेताना तुझे अब्बा काय बघतात? दात, डोळे, कान, पाय. रंगाची शर्त आहे का कुठे? ऐब नसण्याची आहे." कुत्र्याच्या किमतीवरून फिकहमध्येच मतभेद आहेत, हनफी तिला परवानगी देतात, शाफई नाही. त्यात मी शिरले नाही. पण मालातला ऐब झाकून विकू नये, याबद्दल वाद कुणाचाच नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बहिणीच्या लग्नाचे पैसे आहेत, टीचर."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक तारखेला पगार जमा होणाऱ्या बाईने कापूसवाल्याच्या पोराला सचोटी शिकवणं सोपं असतं, आणि ते त्यालाही कळत असणार.

रात्री त्याच्या स्टेटसवर जाहिरात आली. शुद्धलेखन माझं, ओळ गायब. मी फोन केला नाही. रागाने नाही, खरं म्हणजे लाजेने. 'दुर्मीळ' मधला 'मी' दीर्घ हवा, हे मीच तपासून दिलं होतं.

जुम्याच्या दिवशी दुपारी त्याचाच फोन. नागपूरवाला रविवारी न्यायला येणार होता. नमाजनंतर याने त्याला स्वतःहून केसांचं सांगितलं.

"मग?"

"विचार करून कळवतो म्हणाला."

त्याने अजून कळवलेलं नाही. तिरंगी चार गेली, नेहमीच्या भावात. बहिणीचं लग्न दिवाळीनंतर ढकललंय. करडं पिल्लू कोठ्यातच आहे, आता चार महिन्यांचं, आणि त्याची आई रोज त्याच्यासाठी वेगळी भाकर भाजते. दर जुम्याला मला त्या पिल्लाच्या पाठीचा फोटो येतो, जवळून काढलेला. अजून तरी केस दाट आहेत.