अनुमोदनेची वही

नांदेडच्या नवा मोंढ्यात सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की आडत दुकानात बसायला जागा उरत नाही. पहाटेपासून गाड्या लागतात, सौदे होतात, हमालांच्या आरोळ्या आणि काट्यावरची घाई यांत सकाळ कधी सरते ते कळत नाही. दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली असते आणि प्रत्येक शेतकऱ्याला हिशेबपट्टी त्याच दिवशी हवी असते. अशाच एका सकाळी एका जुन्या आडत दुकानाच्या ओट्यावर कंधार तालुक्यातला एक शेतकरी आपल्या मालाच्या मापाची वाट पाहत बसला होता. शेजारी त्याचा मुलगा होता. केस बारीक कापलेले, पाठ ताठ, मांडीवर शाळकरी वही. तो डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता.

गादीवर बसलेले वृद्ध शेठजी नुकतेच मंदिरातून आले होते. चातुर्मास चालू होता, मुनिमहाराजांचे प्रवचन ऐकून आलेले मन अजून तिथेच रेंगाळत होते. त्या तरुणाच्या ओठांतून त्यांना शब्द ऐकू आला, "महावीर... महावीर..." शेठजींनी चष्मा सरसावला. आपल्या दुकानाच्या ओट्यावर बसून एक शेतकऱ्याचा मुलगा भगवंतांचे नाव घेतो आहे, याचे त्यांना मोठे कौतुक वाटले.

"पाटील, मुलगा जप करतोय का?" त्यांनी विचारले.

शेतकरी हसला. "जप कुठला, शेठजी! फौजेत नाईक आहे ना तो. सुट्टीवर आलाय. बढतीची परीक्षा आहे, तिचा अभ्यास चाललाय."

तरुणाने उभे राहून नमस्कार केला आणि जरा संकोचून सांगितले, "महावीर चक्र, शेठजी. युद्धातल्या पराक्रमाचं दुसऱ्या क्रमांकाचं पदक. आमच्या बोर्डासमोर पदकं विचारतात. मला क्रम पाठ होत नाही."

शेठजींच्या चेहऱ्यावरचे कौतुक ओसरले. ज्या नावाने अहिंसेची शिकवण जगाला मिळाली, ते नाव युद्धाच्या पदकाला? त्या पदकातल्या 'महावीर' शब्दाचा अर्थ केवळ 'मोठा वीर' असा आहे, तीर्थंकरांशी त्याचा संबंध नाही, हे त्यांना समजत होते. तरीही मनाला काहीतरी टोचले. ते एवढेच म्हणाले, "ही विद्या आमच्या घरच्या उपयोगाची नाही, बाबा," आणि पुन्हा हिशेबात डोके घातले.

दुकानाच्या मागच्या बाजूला संगणकावर त्यांची नात बिलांच्या नोंदी करीत होती. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. हे बोलणे तिने ऐकले होते आणि तिचे कान टवकारले होते, त्याला कारणही होते. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा देऊन चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत जायचे, असे तिच्या मनाने घेतले होते. घरात हा विषय एकदाच निघाला होता आणि वडिलांनी तो तिथेच मिटवला होता. दादाजी त्या वेळी काही बोलले नव्हते; पण त्यांचे न बोलणे हाच नकार आहे, असे सर्वांनी धरले होते.

ती उठून ओट्यावर आली. "दादा, वही दाखवा ना."

वहीत पंचवीस-तीस नावे एकाखाली एक लिहिलेली होती. ती पाहून वाणिज्य शाखेच्या त्या मुलीला हसू आले. "अशी यादी कुणालाच पाठ होणार नाही. याची खाती पाडली पाहिजेत."

तिने कोऱ्या पानावर मध्ये रेघ ओढली. डाव्या बाजूला शत्रूसमोर गाजवलेले शौर्य: परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र. ही तीन पदके 26 जानेवारी 1950 रोजी स्थापन झाली आणि 15 ऑगस्ट 1947 पासून लागू मानली गेली. उजव्या बाजूला रणांगणाबाहेरचे शौर्य: अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र. ही 1952 साली अशोक चक्राचे तीन वर्ग म्हणून सुरू झाली आणि 1967 साली त्यांना आजची नावे मिळाली. डावीकडचा मान सैनिकांसाठी आहे, उजवीकडचा सामान्य नागरिकालाही मिळू शकतो.

"आता मानाचा क्रम. तुम्ही आधी डावीकडची तीन आणि मग उजवीकडची तीन म्हणता, तिथेच चूक होते. एक इकडचं, एक तिकडचं असं घ्या. परमवीर, मग अशोक. महावीर, मग कीर्ती. वीर, मग शौर्य. मधे पद्म पुरस्कार आणि सेवापदकं येतात, ती नंतर भरू."

फितींचे रंगही तिने असेच लावून दिले. परमवीरची फीत सगळी जांभळी. महावीरची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीरची अर्धी निळी, अर्धी केशरी. उजवीकडच्या तिन्ही फिती हिरव्या. अशोक चक्राच्या फितीवर केशरी रेघ एक, कीर्तीच्या दोन, शौर्याच्या तीन. रेघा वाढतात तसा मान कमी होतो. नाईकाने दोनदा म्हणून पाहिले आणि तिसऱ्यांदा न अडखळता सगळे सांगितले.

धातूचा विषय निघाला तेव्हा शेठजींनी हिशेबातून मान वर केली. महावीर चक्र आणि वीर चक्र चांदीचे, पण त्या सर्वांहून श्रेष्ठ असलेले परमवीर चक्र मात्र काशाच्या धातूचे असते, असे तो तरुण सांगत होता. व्यापाऱ्याच्या कानाला ही गोष्ट वेगळी वाटली. "सर्वांत मोठं पदक सर्वांत स्वस्त धातूचं?" त्यांनी विचारले. "मग त्यावर आहे तरी काय?"

"मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं," तरुण म्हणाला.

पुढची माहिती नातीने सांगितली. हे पदक ज्यांनी घडवले त्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने स्वित्झर्लंडच्या. वडील हंगेरीचे, आई रशियन. भारतीय सेनेतल्या विक्रम खानोलकरांशी त्यांचा 1932 साली विवाह झाला आणि त्या मनाने, भाषेने, आचाराने इथल्या झाल्या. पुराणांचा आणि संतचरित्रांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी ग्रंथही लिहिला. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी पदकाची रचना त्यांच्याकडे सोपवली, तेव्हा त्यांना दधीची ऋषी आठवले. वज्र बनवण्यासाठी ज्याने आपल्या अस्थी दिल्या, तो दधीची. नियतीचा योग असा, की पहिले परमवीर चक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा हे त्यांच्याच कन्येचे दीर होते.

शेठजी काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ते वज्र मारणाऱ्याचं नव्हे, देणाऱ्याचं." आणि नंतर मनातली खरी शंका त्यांच्या ओठांवर आली. "पण फौजी, ही सगळी पदकं शेवटी किती मारले यावरच देतात ना?"

हा प्रश्न बोर्डावर कुणी विचारला नसता. नाईकाने वही मिटली आणि आपल्या साध्या भाषेत राम राघोबा राणे यांची हकिकत सांगितली. राणे कारवारकडचे. 1940 साली शिपाई म्हणून बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले आणि पुढे अधिकारी झाले. एप्रिल 1948 मध्ये आपली फौज नौशेराहून राजौरीकडे निघाली होती. राजौरीत लोक मरणाच्या छायेत होते आणि वाटेवर सुरुंग पेरलेले, झाडे तोडून टाकलेली. 8 एप्रिलला राणे यांच्या तुकडीवर तोफगोळे पडले, ते स्वतः जखमी झाले. तरीही 11 तारखेपर्यंत ते सुरुंग काढत, झाडे हटवत, रस्ता करत राहिले. रणगाड्यांच्या आडोशाने, प्रसंगी त्यांच्या खालून सरपटत त्यांनी वाट मोकळी केली. दुसऱ्या दिवशी फौज राजौरीत पोहोचली.

"त्यांना परमवीर चक्र रस्ता उघडल्याबद्दल मिळालं, शेठजी. सुरुंग पेरल्याबद्दल नाही, काढल्याबद्दल." आजवरच्या 21 परमवीरांपैकी 14 जणांना तो मान मरणोत्तर मिळाला आहे, राणे हे उरलेल्या सात जणांपैकी एक.

नातीने तुकाराम ओंबळे यांची आठवण काढली. सैन्यातून निवृत्त होऊन मुंबई पोलिसांत आलेला हा सातारा जिल्ह्याचा माणूस 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याच्या बंदुकीची नळी नुसत्या हातांनी धरून राहिला. गोळ्या स्वतःच्या अंगात घेतल्या, सोबत्यांना वाचवले, आणि त्यामुळेच तो अतिरेकी जिवंत पकडला गेला. त्यांना अशोक चक्र मिळाले.

शेठजींच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर या दोन गोष्टींनी झाले असे नव्हे. शत्रूला मारूनही पदके मिळतात, हे तो तरुण नाकारत नव्हता आणि शेठजींनाही ते ठाऊक होते. पण प्रवचनांत अनेकदा ऐकलेली हिंसेची विभागणी त्यांना आठवली: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. संकल्पी हिंसा श्रावकाला सर्वस्वी त्याज्य. मात्र आश्रितांच्या आणि देशाच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, असे शास्त्रकार सांगतात. ती पुण्य ठरत नाही. पण ती करणाऱ्याच्या आडोशाला बसून आपण व्यापार करतो, हेही खोटे नाही.

2018 सालच्या महामस्तकाभिषेकाला ते सहकुटुंब श्रवणबेळगोळला गेले होते. दहाव्या शतकाच्या अखेरीस तो बाहुबली उभा करणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. समरधुरंधर, वीरमार्तंड ही बिरुदे त्याला लढायांतून मिळाली होती. ती त्या काळची पदकेच. लोक मात्र त्याला ओळखतात ते गोमटेश्वरामुळे. शस्त्र टाकून, राज्य सोडून, वेली अंगावर चढेपर्यंत निश्चल उभ्या राहिलेल्या बाहुबलीची मूर्ती एका सेनापतीने घडवून घ्यावी, यात केवढा अर्थ आहे, असे शेठजींना त्या दिवशी दुकानात बसून प्रथमच जाणवले.

हा वारसा फार दूरचाही नाही. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरपुराचे अधिपती म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे अभ्यासक मानतात. त्याच घराण्यातल्या अमोघवर्षाचा सेनापती बंकेय जैन होता. त्याच्या सेवेवर राजा प्रसन्न झाला, तेव्हा बंकेयाच्या विनंतीवरून त्याने बांधलेल्या जिनालयाला गाव दान दिल्याचे कोन्नूरचा शिलालेख सांगतो. पराक्रमाचे बक्षीस मंदिराच्या खात्यावर जमा झाले.

"आणि तुझ्या छातीवर काय आहे?" शेठजींनी अखेर विचारले.

नाईक ओशाळला. "शौर्याचं काही नाही, शेठजी. नऊ वर्षं नोकरीचं एक आहे. बाकी ज्या भागात राहिलो, तिथली."

"नऊ वर्षं टिकून राहिल्याचं," शेठजी हळूच म्हणाले. दशलक्षण पर्वात दहा उपवास करणाऱ्यांचा समाज सत्कार करतो, तेव्हा तपश्चर्या तपस्व्याचीच असते. पाहणाऱ्याच्या वाट्याला येते ती अनुमोदना. चांगल्या कृत्याला मनापासून संमती देणाऱ्यालाही पुण्याचा वाटा मिळतो, असे आपण मानतो. पदक म्हणजे देशाने केलेली अनुमोदनाच, असे त्यांच्या मनात आले.

माप संपले. हिशेबपट्टी झाली. निघताना शेतकऱ्याने खरी चिंता बोलून दाखवली. फौजेत हुद्द्यावर नोकरीची वर्षे ठरतात. हवालदार झाला तर आणखी काही वर्षे मिळतील. नाही तर चाळिशीच्या आसपासच घरी यावे लागेल. घरी चार एकर कोरडवाहू, आणि नातीचे शिक्षण अजून पुढेच. बोर्डासमोरचे ते पाच-सहा प्रश्न त्या घरासाठी नुसती पाठांतराची गोष्ट नव्हती.

शेठजींनी मुनिमाला हाक मारली. दिवाळीच्या वहीपूजनासाठी लाल कापडी बांधणीच्या नव्या वह्या आल्या होत्या. त्यांतली एक त्यांनी काढली आणि पहिल्या पानावर आपल्या हाताने 'श्री' लिहून तरुणाच्या हाती ठेवली. "यात नीट उतरून घे. पूजेच्या आधी दिली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्याकडं दिवाळी महावीरांच्या निर्वाणाची. वहीत महावीर आहेच."

डिसेंबरात कंधारकडून निरोप आला. परीक्षा पार पडली होती. जागा रिकामी होईल तशी बढती मिळणार होती. बोर्डाने फितींवरच्या रेघा विचारल्या होत्या आणि परमवीर चक्र कोणी घडवले तेही. शेतकरी हे सांगायला तूर घेऊन येण्याच्या निमित्ताने आला होता आणि दोनदा सांगून गेला.

त्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला घरातले सगळे एकत्र बसले होते. शेठजींनी ताटावरून नजर न उचलता नातीला विचारले, "तुझ्या त्या परीक्षेचा अर्ज कधी निघतो?"

तिच्या वडिलांनी काही बोलण्यासाठी तोंड उघडले. शेठजींनी हातानेच त्यांना थांबवले. "मी हो म्हणालेलो नाही. तारीख विचारतोय." मग थोडे थांबून त्यांनी पुढचे विचारले, "आणि तिथं दिवस मावळायच्या आत जेवण मिळतं का, तेही विचारून ठेव. त्या फौजीला ठाऊक असेल."