घूस नव्हे, गोफर!

'गो' नावाची प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिकताना तिचा तो निळा, दात पुढे आलेला गोफर तुम्हीही पाहिला असेल. खरा गोफर कसा असतो ते बघायला गेले, आणि सबमिशन सोडून दोन रात्री त्यातच अडकले!

मला भावला तो पॉकेट गोफर, त्यातही थोमोमिस ही प्रजाती. (आम्ही कॉन्व्हेंटवाले 'जीनस'च म्हणतो, 'प्रजाती' हा शब्द विश्वकोशातून उचललाय.) उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडे हिच्या दहाच्या वर जाती आहेत. गालांना बाहेरून उघडणारे, आतून केसाळ खिसे. त्यात मुळं-गवत भरून न्यायचं. ओठ पुढच्या दातांच्या मागे मिटतात, त्यामुळे दातांनी खणलं तरी माती तोंडात जात नाही. मेकॅनिकलवाल्यांनो, असं सील बनवून दाखवा!

गावी आजीला फोटो दाखवला. "अगं, ही तर घूस! मारत नाहीत होय तिकडे?" तिचा राग खरा आहे. घुशींनी पोखरलेला बांध पावसात फुटला आणि आमच्या खाचरातली निम्मी लावणी वाहून गेली. आणि मारतात की! तिकडचे शेतकरीही सापळे लावतात, विष घालतात. गोफर लसूणघासाची मुळं खातो, कालव्यांचे बांध पोखरतो.

मग मी तिला सेंट हेलेन्सची गोष्ट सांगितली. वॉशिंग्टन राज्यातला हा ज्वालामुखी १८ मे १९८० ला फुटला. ५७ माणसं गेली, जंगल राखेखाली गेलं. थोमोमिस तालपॉइडिस जातीचे काही गोफर मात्र बिळात होते म्हणून वाचले, आणि खणताना खालची जुनी माती राखेवर आणू लागले. ते पाहून संशोधकांनी १९८३ मध्ये ओसाड प्युमिसच्या दोन तुकड्यांवर कुंपण घालून गोफर सोडले. फक्त एक दिवस! सहा वर्षांनी तिथे ४०,००० हून जास्त रोपं होती, आजूबाजूला जवळजवळ काहीच नाही. मुळांना अन्नपाणी मिळवून देणारी बुरशी त्या मातीबरोबर वर आली होती. तिचा परिणाम चार दशकांनंतरही टिकून असल्याचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

गंमत म्हणजे त्याच राज्यात, त्याच प्रजातीतल्या मझामा गोफरच्या चार उपजातींना २०१४ मध्ये कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं. त्यांच्या माळरानांवर घरं उठली ना!

आजीने सगळं ऐकून घेतलं. "एकच दिवस? मग परत नेले?"

"हो, नेले."

"मग ठीक. डोंगरावर सोडा म्हणावं. बांधावर नको."